नववी चिठ्ठी

१

"या दहातली एक चिठ्ठी खोटी आहे," मॅडम म्हणाल्या आणि पत्ते मांडावेत तशा त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "कोणती ते शोधायची गरज नाही, ते मला माहीत आहे. तुम्ही नजर टाकायची आणि सही करायची."

त्यांनी नववी चिठ्ठी बोटानं माझ्याकडे सरकवली. त्यावर निळ्या शाईत १०४/७० असं लिहिलं होतं. बाकीच्या नऊ चिठ्ठ्यांवर त्याहून बरेच मोठे आकडे होते.

मी या रुग्णालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वैद्यकशास्त्राची हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण ती मी फक्त कपाटात लावली. मग या चौकशीत मी कसा? इथे एक नियम आहे. शिकाऊ डॉक्टरवर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवायचा झाला, तर ते कागद आधी डॉक्टर नसलेल्या एका बाहेरच्या माणसानं पाहायचे. बाहेरचा, पण फार बाहेरचा नको, म्हणून त्यांना मी आठवलो असणार.

मॅडमनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. वर्षाच्या शेवटी शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा होते. ओळीनं बारा खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक काम. आठ मिनिटांनी घंटा वाजते, की उमेदवार पुढच्या खोलीत जातो. सातव्या खोलीत रुग्ण म्हणून एक पेंटर बसवला होता. त्याचा रक्तदाब मोजायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी डब्यात टाकायची आणि निघायचं. कोपऱ्यात बसून मॅडम एकेका गोष्टीवर खूण करणार. हात धुतले का, नाव विचारलं का, पट्टा नीट बांधला का.

"रक्तदाब मिनिटामिनिटाला थोडा हलतो," त्या म्हणाल्या. "म्हणून आठ अंकांची सूट ठेवतो. परीक्षेआधी मी स्वतः मोजला तेव्हा १३६/८४ होता. संपल्यावर माझ्या खोलीत पुन्हा मोजला, तेव्हाही जवळपास तेवढाच. या मुलीनं १०४ लिहिला. पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या, सगळं केलं. पण कानात काय ऐकू येतं ते दुसऱ्याला कळत नाही ना. तिला काही ऐकूच आलं नसेल आणि तिनं अंदाजानं ठोकून दिलं."

तपासणीच्या कागदावर सगळ्यात खाली एक लाल चौकोन होता. 'न मोजता आकडा लिहिला.' या चौकोनात खूण झाली, की बाकीच्या अकरा खोल्यांत काय केलं त्याला अर्थ उरत नाही. वर्ष पुन्हा करायचं. वर हा शेरा फाइलमध्ये राहतो आणि जिथे नोकरीला जाल तिथे तुमच्या आधी पोचतो.

"मंडळाची बैठक गुरुवारी आहे," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी सोमवार होता.

उमेदवाराच्या म्हणण्यासाठी कागदावर पाच ओळी सोडल्या होत्या. मुलीनं एकच वाक्य लिहिलं होतं. 'मी मोजलं तेच लिहिलं.' त्याखाली आणखी एक वाक्य सुरू करून खोडलं होतं, आणि असं खोडलं होतं की कागद फाटायचा राहिला होता.

मी पेन उघडलं आणि परत मिटलं. स्वतःची चूक माणूस इतक्या जोरानं खोडत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव असलं तरच असं खोडतो.

२

"तुम्ही आणि चौकशी?" बायको हसली. "न्हाव्यानं टक्कल केलं तरी त्याला छान म्हणून येता तुम्ही."

"सही करून टाकू का मग?"

"मी तसं म्हटलं का? विचारून तर बघा त्या पोरीला. फार तर काय, उत्तर देणार नाही. घरी मी तरी कुठे सगळ्याची उत्तरं देते?"

मुलीला तिच्या बरोबरीचे 'मौनी' म्हणत. तिला भेटल्यावर का ते कळलं. वॉर्डाच्या टोकाला औषधांची खोकी ठेवायची एक खोली होती. तिथे ती एका स्टुलावर बसली होती, मी दुसऱ्यावर. दोघंही लाजाळू, त्यामुळे पहिली दोन मिनिटं आम्ही खोक्यांवरचे मजकूर वाचत बसलो.

"तुम्ही मोजलंत?" मी शेवटी विचारलं.

"हो, सर."

"नक्की?"

"तीनदा मोजलं."

"आठ मिनिटांत तीनदा?"

"पहिल्यांदा आकडा कमी आला. वाटलं, पट्टा सैल असेल. पुन्हा बांधला. मग वाटलं, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकतंय. तिसऱ्यांदाही तोच आला." तिनं हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "कदाचित माझे कानच बरोबर नसतील. तसं असेल तर मला नापास करा, माझी ना नाही. पण मी न मोजता लिहिलं असं म्हणू नका."

"घरी सांगितलंत?"

"आईला सांगितलं, निकाल लांबलाय म्हणून. वडील गेल्यापासून ती दिवस मोजते आहे, सर. हे वर्ष संपलं की मी तिला इकडे घेऊन येणार होते. दोन खोल्या बघूनही ठेवल्यात."

मला पुढे काय विचारावं सुचेना. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि तिथे मला एक प्रश्न सुचला. माझे प्रश्न नेहमी दारातच सुचतात.

"पहिल्यांदा आकडा कमी आला म्हणालात. कमी म्हणजे कशापेक्षा?"

तिनं शेजारच्या खोक्याचं झाकण नीट लावलं.

पेंटरचं वय बघून कमी वाटला, एवढं ती म्हणाली असती तरी मला पटलं असतं. मी इतका सहज पटणारा माणूस आहे. पण ती स्टुलावरून उठली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला एवढंच सांगायचं होतं, सर," ती म्हणाली आणि माझ्या आधी खोलीतून निघून गेली.

३

परीक्षेची घंटा वाजवणारे मामा माझ्या ओळखीचे होते. ग्रंथालयात येऊन ते दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपत. त्यांनी मला सातवी खोली उघडून दिली.

"जसंच्या तसं आहे सगळं," ते म्हणाले. "कागदावर चित्र काढून देतात आम्हाला, कुठं काय ठेवायचं त्याचं. परीक्षा संपली की मी प्रत्येक खोली चित्रासारखी लावून ठेवतो. इकडची काडी तिकडं नाही."

खोली लहान होती. एक बेसिन, एक स्टूल, मॅडमची कोपऱ्यातली खुर्ची आणि रुग्णाची खुर्ची, जिचं तोंड खिडकीकडे होतं. रक्तदाबाचं यंत्र खुर्चीच्या उजव्या अंगाला भिंतीत पक्कं बसवलेलं होतं. त्याची नळी आखूड होती. मी ती ताणून पाहिली, जेमतेम खुर्चीच्या हातापर्यंत पोचली.

"दुसरी नळी नाही का?"

"तीन वर्षं अर्ज चाललेत," मामा म्हणाले. "तुमच्या वेळी पंख्याचं झालं होतं तसंच."

"त्या दिवशी काही वेगळं घडलं का, मामा?"

"काय घडणार? या खोलीत बारापासून एकपर्यंत पाच पोरं झाली. मग जेवणाची सुट्टी. दोनपासून उरलेली पाच. झालेल्यांनी उरलेल्यांना भेटायचं नाही असा नियम, म्हणून एक तुकडी वर, एक खाली. कडक बंदोबस्त माझा." त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "फक्त बाहेरच्या त्या हात धुवायच्या खोलीनं डोकं उठवलं. कॉरिडॉरला एकच आहे ना ती, सगळे तिथंच जाणार. डॉक्टर व्हायचं म्हणे, आणि आरशावर साबणानं गिरगटून ठेवतात. संध्याकाळी पुसता पुसता माझा खांदा गेला."

"काय लिहिलं होतं?"

"मी वाचत बसलो का? चष्मा खिशात होता. काहीतरी आकडेबिकडे असतील."

मी रुग्णाच्या खुर्चीत बसून पाहिलं. का बसलो ते सांगता येणार नाही, उभं राहून पाय दुखले होते एवढंच. घड्याळात अडीच वाजले होते. खिडकीतून ऊन सरळ तोंडावर आलं आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. अर्धं मिनिटही बसवेना.

मी उठून डोळे पुसले. दोन ते तीन या वेळात इथे एक माणूस तासभर बसला होता. तो बसला कसा?

४

रात्रीच्या जेवणाआधी मी दहाही चिठ्ठ्या पलंगावर मांडल्या. सुट्टीआधीच्या पाच वरच्या ओळीत, नंतरच्या पाच खालच्या ओळीत.

वरची ओळ अशी होती. १४२/८८, १३४/८४, १३८/८६, १३६/८२, १४०/८६.

खालची ओळ: १३८/८६, १३८/८६, १३८/८६, मग मौनीचा १०४/७०, आणि शेवटी पुन्हा १३८/८६.

"किती छान जमलंय," बायको उशा झटकत म्हणाली. "तीच एक चुकली बिचारी. बाकी चौघांचं बघा कसं अगदी सारखं आलंय."

मी चष्मा पुसून खालची ओळ पुन्हा वाचली.

"काय झालं? काही चुकीचं बोलले का?"

ती चुकीचं बोलली नव्हती. गंमत अशी, की एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, तीच माझ्या पुढ्यात होती आणि मला दिसली नव्हती. ग्रंथालयात दर वर्षी पुस्तकांची मोजणी होते. एकाच कपाटातली पुस्तकं दोन माणसांनी खरोखर मोजली, तर पहिल्या खेपेला आकडा कधी जुळत नाही. एकाला चारशे बारा येतात, दुसऱ्याला चारशे नऊ. मग भांडण होतं, पुन्हा मोजतात, मधे कुणाचं तरी बोट गेलेलं असतं. ज्या वर्षी सगळ्यांचे आकडे पहिल्याच झटक्यात जुळत, त्या वर्षी मी समजून जायचो, की मंडळी खुर्चीतून उठलेली नाहीत आणि गेल्या वर्षीची वही पुढे ठेवून लिहिलं आहे.

पुस्तकं तरी जागची हलत नाहीत. रक्तदाब मिनिटामिनिटाला हलतो असं मॅडमच म्हणाल्या होत्या. वरच्या ओळीत तो तसा हललेला दिसत होता. पाच माणसं, पाच आकडे. खालच्या ओळीत चार वेगवेगळ्या डॉक्टरांना एकाच माणसाचा रक्तदाब शेवटच्या अंकापर्यंत सारखा सापडला होता.

म्हणजे खोटी चिठ्ठी एक नव्हती. खोट्या चार होत्या. आणि पाचवी, जिला खोटी ठरवलं होतं, ती कदाचित त्या ओळीतली एकटीच खरी होती.

 मी चुकत असलो तर चार निरपराध मुलांना बदनाम करत होतो.

पण एक गोष्ट चुकणं शक्य नव्हतं. मॅडमचा स्वतःचा आकडा १३६/८४ होता. तो फुटला असता, तर चौघांनी तोच लिहिला असता. त्यांनी १३८/८६ लिहिला. तो मॅडमच्या कागदावर नव्हता. सगळ्या परीक्षेत तो एकाच उमेदवाराला सुट्टीआधी मिळाला होता. वरच्या ओळीतली तिसरी चिठ्ठी.

मी यादी काढून पाहिली. तिसऱ्या क्रमांकावर जी मुलगी होती, ती वसतिगृहात मौनीच्याच खोलीत राहत होती.

५

तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. मी दार वाजवलं तेव्हा आतून तीन वाक्यं आली, त्यातलं एकही माझ्यासाठी नव्हतं. मला पाहिल्यावर मात्र आवाज बंद झाला.

आम्ही वसतिगृहाच्या पायरीवर बसलो. मी काही आरोप केला नाही, मला ते जमतही नाही. मी फक्त चिठ्ठ्या तिच्या मांडीवर ठेवल्या, वर पाच, खाली पाच, आणि विचारलं, "आरशावर लिहायला साबण कुठला घेतला होता?"

तिनं वरच्या ओळीतली तिसरी चिठ्ठी उचलली.

"बेसिनवरचाच," ती म्हणाली. "सर, मी सगळ्यांसाठी नव्हतं लिहिलं. तिच्यासाठी लिहिलं होतं."

"मौनीसाठी?"

"परीक्षा म्हटली की तिचे हात थरथरतात. वॉर्डात बघा तिला, एक नंबर आहे. म्हाताऱ्या बायका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, 'ती मुकी पोर कुठाय' विचारतात. पण कोपऱ्यात मॅडम बसल्या की संपलं. मला वाटलं, एक आकडा माहीत असला तर निदान ती खोली तरी सुटेल. आता बाकीचे पण हात धुवायला तिथेच येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि तिनं तो वाचला?"

"वाचला ना. म्हणून तर संताप येतो, सर. आकडा पाठ होता तिला. आणि बाई १०४ लिहून आल्या. रात्री मी विचारलं, अगं का? तर म्हणे, 'मला १०४लाच ऐकू आलं.' मी म्हटलं, तुला चुकीचं ऐकू आलं असेल. तर म्हणे, 'असेल. पण मला १०४लाच ऐकू आलं.'" तिनं नाक पुसलं. "त्या कागदावर ती आरशाचं लिहायला लागली होती. मग थांबली. माझं नाव आलं असतं म्हणून."

"बाकीचे चौघं?"

"ते काही वाईट नाहीत, सर. एक जण काल माझ्याकडे रडला. तो म्हणतो, १३८ला मला काहीच ऐकू येत नव्हतं. बराच खाली गेल्यावर काहीतरी ऐकू आलं. त्याला वाटलं आपलेच कान बिघडलेत, सगळ्यांना १३८ येतोय तर आपण कोण लागून गेलो. म्हणून आरशावरचं लिहिलं."

मी तिच्याकडे वळून बसलो. "बराच खाली? तो असं म्हणाला?"

"हो. का?"

मौनी खरं बोलत होती एवढं आता उघड झालं होतं. पण पेंटरचा रक्तदाब मॅडमनी दोनदा मोजला होता, आणि दोन्ही वेळा तो १३६च्या आसपास होता. मौनीचे कान बिघडले असतील तर ती प्रामाणिक पण कच्ची डॉक्टर ठरत होती. मात्र दोघांचे कान एकाच दुपारी, एकाच खोलीत, एकसारखे बिघडत नाहीत.

६

पेंटर एका कपड्यांच्या दुकानाच्या पाटीवर काम करत होता. शिडीवर उभा राहून तो डाव्या हातानं मोठं पिवळं अक्षर भरत होता. मी खाली उभा राहिलो. दोन मिनिटांत त्यानं ब्रश डब्यात ठेवला, डावा हात खाली सोडला आणि झटकला. मग पुन्हा सुरू. पुन्हा दोन मिनिटांत तेच.

"या, साहेब," तो उतरत म्हणाला. "परीक्षेचं काही राहिलं का? मी उत्तम आजारी होतो असं मॅडम म्हणाल्या."

"हात दुखतो का?"

"दुखत नाही. रुसतो. वर धरला की जड होतो, आणि खाली सोडला की बरा. चाळीस वर्षं राबवलाय, आता तो निवृत्ती मागतो. बायको म्हणते उजव्यानं लिहा. उजव्यानं मला घास घेता येतो, अक्षर काढता येत नाही."

"परीक्षेच्या खोलीत दुपारी डोळ्यांवर ऊन येत होतं ना?"

"काय सांगू. जेवून आलो आणि बसलो, तर डोळे उघडेनात. मॅडम अजून आल्या नव्हत्या. मी सरळ खुर्ची उलटी केली आणि खिडकीकडे पाठ करून बसलो. मग सुखाचं झालं." तो जरा ओशाळला. "चालत नव्हतं का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत आली. भिंतीत बसवलेलं यंत्र आणि ती आखूड नळी. खुर्ची फिरली, यंत्र जागेवरच राहिलं.

"मग सुट्टीनंतर पट्टा कुठल्या हाताला बांधला?"

"डाव्या. तोच भिंतीकडे होता."

"आणि सुट्टीआधी?"

"उजव्या. मॅडमनी नंतर त्यांच्या खोलीत मोजला तोही उजव्याच."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं का? हात दोन असले तरी माणूस एकच ना, साहेब." तो हसला आणि मग त्याला आठवलं. "एक पोरगी होती. तिनं तीन-तीनदा पट्टा बांधला. कपाळाला घाम, पण बोट माझ्या मनगटावर असं हळू ठेवलं होतं, जसं काही मी फुटणार आहे. तिला पास केलं ना?"

मी ग्रंथपाल आहे, मला यातलं काही कळत नाही. पण कुठलं पुस्तक कुठे आहे ते मला अजून आठवतं. त्या संध्याकाळी मी सहा वर्षांनी ग्रंथालयात गेलो, आणि जे पान वाचलं ते वाचून खुर्चीत बसून राहिलो. मग उठलो आणि मॅडमच्या घराचा पत्ता विचारत निघालो. कुणाच्या दारात न सांगता जायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

७

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मी अडखळत होतो, मध्ये दोनदा 'मी चुकत असेन' म्हणालो. त्यांनी मला एकदाही तोडलं नाही.

"दोन हातांत बत्तीसचा फरक," त्या शेवटी म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, स्वतःशी. "डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालेली. हात वर धरला की दमतो. माझ्यासमोर तासभर बसला होता तो."

"तुम्ही परीक्षा घेत होता."

"मी खुणा करत होते. खुर्ची फिरली ते मला दिसलं नाही. चार आकडे सारखे आले तेही दिसलं नाही. आपल्याला हवं ते उत्तर आलं की आपण पुढचा कागद घेतो." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "चार खोट्यांना मी बरोबर म्हटलं, आणि एका खरीला..."



बुधवारी सकाळी त्यांनी पेंटरला आणि मौनीला सातव्या खोलीत बोलावलं. मलाही. कॉरिडॉरच्या बाकावर पाच जण बसले होते. रेडिओ आणि तिच्या शेजारी ती चार मुलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात एकेक कबुली लिहिलेला कागद होता. मॅडमनी ते कागद घेतले, उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडे राहतील, फाइलमध्ये जाणार नाहीत. पुढच्या महिन्यात बाराही खोल्या पुन्हा, तुम्हा पाचही जणांना. आणि मी तुमच्या शेजारी उभी राहून ऐकणार आहे." मग त्या पाचांपैकी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला खरंच खाली ऐकू आलं होतं." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहायचं होतंस, बाळा." बस्, एवढंच.

आत त्यांनी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा जोडनळ्यांचा स्टेथोस्कोप काढला. एक जोडी मौनीच्या कानात, एक स्वतःच्या. मौनीनं आधी उजवा हात मोजला, मग खुर्ची फिरवून डावा. तिचे हात थरथरत होते. आकडे ती मोठ्यानं म्हणाली.

"१३८, ८६." आणि मग, "१०६, ७०."

मॅडमनी मान हलवली. त्यांनाही तेच ऐकू आलं होतं.

मला वाटलं, आता संपलं. पण मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि मौनीला म्हणाल्या, "आता त्यांना सांग."

मौनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मग तिनं स्टूल ओढलं आणि पेंटरच्या समोर बसली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. तिचे हात थरथरायचे थांबले होते. केव्हा थांबले ते माझ्या लक्षात आलं नाही.

"काका, तुमचा डावा हात रुसलेला नाही," ती म्हणाली. "त्याला रक्त कमी पोचतंय. छातीतून हाताकडे जाणारी जी वाट आहे, ती एका जागी अरुंद झाली असावी. नक्की कुठे ते बघायला एक तपासणी करावी लागेल."

पेंटरनं डाव्या हाताची मूठ वळून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे हात गेला का, डॉक्टर?"

"नाही. वाट मोकळी करता येते. वेळेवर कळलंय."

"चक्कर येते कधीकधी शिडीवर. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"आता मला सांगितलंत ना. तपासणी होईपर्यंत शिडीवर चढायचं नाही."

"पाटी अर्धी राहिलीय. तिथे 'उत्तम कप'पर्यंतच आलोय मी."

"राहू दे. दुकानदाराला मी चिठ्ठी देते."

"ती काय वाचणार तो. गिऱ्हाईक विचारतील, उत्तम कप कुठे मिळतात म्हणून." तो हसायला गेला, पण ओठ नीट हलले नाहीत. तिनं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो सावरेपर्यंत काही बोलली नाही. तिला गप्प बसता येत होतं. त्या वेळी तेवढंच हवं होतं.

"आणखी काही विचारायचंय, काका?" तिनं नंतर विचारलं.

"एक आहे. तुम्ही पास झालात का?"

मौनीनं मान खाली घातली.  मॅडमनी हातातला कागद उघडून दाराला टेकवला, लाल चौकोनातली खूण आडव्या रेघेनं कापली, खाली सही केली, आणि कागद माझ्या हातात दिला. माझ्या सहीची जागा मोकळी होती.

"झाली," त्या म्हणाल्या.